घोरणं थांबलं तेव्हा

तेरखेडा, ८ जानेवारी २०२४

ती. अक्कांना महादेवीचे शरणार्थ.

फोनवर बोलले तर ह्यांच्या कानावर जाईल, म्हणून पत्र. पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या भावाला कारखान्यात फटाक्यात दारू भरता भरता डुलकी लागली. मांडीवर दारूची परात. शेजारच्या बाईनं आधी परात काढून घेतली, मग ह्यांना हलवलं. मालकांनी घरी बसवलंय.

धाराशिवला तपासलं. झोपेत ह्यांचा श्वास तासाला चाळीसदा अडतो म्हणे, त्याचा ताण हृदयावर येतो. रक्तात सूज दाखवणारा एक आकडा असतो, तोही वाढलाय; डॉक्टर म्हणाले, हे हृदयाला धोका असल्याचं लक्षण. गोळ्या दिल्यात आणि झोपताना नाकावर लावायला हवेचं मशीन दिलंय. पण मला मुसकं बांधू नका म्हणत हे काढून टाकतात. मी शेजारी बसून श्वास मोजते. लई भ्या वाटतं, अक्का. तुमचं ऐकतील. दोन ओळी लिहा, माया आहेच, ती वाढू द्या.

तुमची महादेवी

अणदूर, १५ जानेवारी

चि. सौ. महादेवीस आशीर्वाद.

हे सोमलिंगला वाचून दाखव.

सोमलिंग, आपले अप्पा दुपारी झोपेत गेले. लोक म्हणाले, पुण्यवान मरण. मीही पस्तीस वर्षं तेच सांगत आले. त्या दुपारी मी उंबऱ्यात पाढे पाठ करत होते. अप्पांचं घोरणं मध्येच थांबायचं, मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन पुन्हा सुरू व्हायचं. मला वैताग यायचा. एकदा थांबलं ते सुरूच झालं नाही. मला बरं वाटलं रे. एकोणतीसपर्यंत पाढे म्हटले मी.

त्यांना काय होतं, देव जाणे. तू मशीन लाव. माझी लेक शुभांगी म्हणते मीही तशीच घोरते, पण माझं राहू दे. दोघं जपा, मला विसरू नका.

अक्का

तेरखेडा, २२ एप्रिल

ती. अक्कास सोमलिंगचा शरणार्थ.

मला पत्राची सवय न्हाय, सांभाळून घे. तुझं पत्र ऐकलं त्याच राती मशीन लावलं अन् आडवा झालो. तीन महिने झाले, एक दिस चुकला न्हाय. दिवसा डुलकी येत न्हाय.

परवा पुन्हा रक्त तपासलं. सुजेचा आकडा सहावरून चारावर आला. रक्तातली चरबी मात्र हलली न्हाय. डॉक्टर म्हणाले, कुणाचा आकडा उतरतो, कुणाचा न्हाय. त्यावर निर्धास्त होऊ नका, मशीन अन् गोळ्या सोडू नका. मालकांनी परत घेतलंय, पण खोकी बांधायला.

अक्का, तू अकरा वर्षांची होतीस. घरातल्या मोठ्यांनाबी कळलं न्हाय, तुला काय कळणार? आता मात्र कळतंय. पुढच्या सोमवारी धाराशिवला तुझी तपासणी ठरवलीय. मी स्टँडवर थांबतो. भिऊ नको म्हणत न्हाय. मलाबी भ्या वाटतं. पण ये.

तुझा सोमलिंग