‘तह’ शब्दाचा वाक्यात उपयोग

उमरावती. शके १७८६, माघ वद्य ८.
मुंबईचे वर्तमानपत्र आले, नेहमीसारखे शिळेच. वरच्या वर्गाला वाचायला दिले. नेम असा: प्रत्येकाने एक नवा शब्द काढायचा, मी अर्थ सांगून फळ्यावर वाक्यात उपयोग करून दाखवायचा. मुलांचे शब्द वाढताहेत, यात शंका नाही. शंका निराळीच आहे. तिवशाकडचा नामदेव, कुणब्याचा मुलगा, नेमका व्यापाराच्या रकान्यातलाच शब्द काढतो. मागे ‘तेजी’, आज ‘हुंडी’. विचारले तर म्हणतो, "तेच कठीण लागून राह्यले, मास्तर." मला नाही पटत.

वद्य ११.
शाळेबाहेर लिंबाखाली लाल पगडीवाला कापसाचा दलाल पुन्हा उभा. वर्तमानपत्राच्या दिवशीच बरा येतो. नामदेव त्याच्याशी काहीतरी बोलला, दोघे हसले. गावाकडची ओळख, म्हणे. पत्र शाळेचे, वाचून घेतो मी, आणि भाव कळतात बाजाराला? हेडमास्तरांच्या कानावर गेले तर माझ्यावरच येईल. पुण्याचा म्हणून आधीच —

फाल्गुन शु. ३.
ना.ने आज ‘तह’ काढला. मनात आले, बघू या. फळ्यावर लिहिले: ‘अमेरिकेतील युद्ध थांबून उभय पक्षांत तह झाला.’ पत्रात असे काही नाही. तिकडची लढाई थांबली की तिकडचा कापूस विलायतेला जाणार आणि इथला भाव कोसळणार, हे इथले शेंबडे पोरही जाणते. उद्या बाजार हलला की चोर सापडला. ना. फळ्याकडे बघतच राहिला. "खरंच काय जी?" म्हटले, "तू व्याकरण बघ."

शु. ४.
मुद्दाम बाजारातून गेलो. भाव तसाच. पगडीवाला मजेत पान खातोय. म्हणजे त्याला कोणी सांगितले नाही. मग लिंबाखाली करतो काय? ना. गैरहजर.

शु. ७.
कळले. ना. त्याच दिवशी पायी गावी गेला आणि बापाने घरचा सगळा कापूस विकून टाकला. घेणारा तोच पगडीवाला. लोक हसताहेत. पोराने बाहेर अवाक्षर काढले नाही, फक्त बापाला सांगितले. फार वाईट वाटले. लाजही वाटली. इथे लिहितो, कुठे बोलणार नाही.

वद्य २.
भाव आणखी चढला. ना.चा बाप शाळेत आला. "कागदात नोतं त फळ्यावर काहून लिवलं, मास्तर?"
म्हटले, तो वाक्यात उपयोग होता.
"वाक्यात," असे त्याने एकदा म्हणून पाहिले. मग, "पोरगं आता वावरात वखर हाकीन," म्हणून ना.ला घेऊन गेला. इतका हुशार मुलगा.

शके १७८७, चैत्र वद्य १.
पत्र वाचायला बसलो की ना.ची जागा दिसते. बाकीची मुले ‘गाय’, ‘झाड’ असले शब्द काढू लागलीत. कठीण शब्द कोणालाच नको. माझ्याकडेही जपून बघतात.

वैशाख वद्य ६.
पत्र आले. अमेरिकेत दक्षिणेकडचा सेनापती शरण गेला, लढाई संपल्यातच जमा. ‘तह’ हा शब्द कुठे नाही, पण परिणाम तोच. भाव बसला. कापूस दाबून ठेवणारे डोक्याला हात लावून बसलेत. एकट्या ना.च्या बापाचा माल वेळेवर गेला.

वद्य ८.
हेडमास्तरांनी बोलावून दार लावून घेतले. "आपल्याला आधी कोठून कळले?"
वाक्यात उपयोग, म्हटले.
"आम्ही दुधखुळे नाही. मुंबईत आपले कोण असते?"
मावशी. हे ऐकल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. वर लिहिणार म्हणतात. नोकरी जाणार बहुतेक. आणि पत्र-वाचन तर —

वद्य ९.
ना. परत आला. बाप स्वतः सोडायला, हातात तुपाचा गडवा. "माहं चुकलं, मास्तर. तुमी सांगून राह्यले होते, मलेच समजलं नाई." मला काही ठाऊक नव्हते, असे परोपरीने सांगितले. "मी कोनाले बोलत नाई," म्हणून त्याने डोळा मिचकावला. तूप घेतले नाही. तेही त्याला समजल्यासारखे दिसले.

वर्ग भरला. खिडकीत लाल पगडी, तिच्यामागे आणखी पगड्या. ना. उठला. आज त्याने व्यापाराचा रकाना सोडून शब्द काढला होता, ‘अवर्षण’. पाऊस न पडणे, असा अर्थ सांगितला.

"वाक्यात उपयोग करा ना जी," ना. म्हणाला.

खडू हातात घेतला. खिडकीतले पान चघळणे थांबले.