गट अ, गट ब आणि तिखटाचा डबा

३ जून, सकाळी ७
जुन्या आवाजाने जाग आली. टप्, टप्, टप्. लाकडी पट्टी टेबलावर. सातवीचा वर्ग, खिडकीतून तिरपं ऊन, चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणताहेत. लघु, गुरू, लघु. काय दिवस होते. पट्टी अजून कपाटात आहे. काढून पाहिली. बरं वाटलं असावं.

संकल्प: पडद्यावरच्या मारामारीने माणूस बिघडतो, हे प्रयोगाने सिद्ध करणे. निबंध लिहून मुलाला पाठवणे. अकरा वर्षं तो घरी आलेला नाही. कारण मला ठाऊक आहे. लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलेले मारधाडीचे सिनेमे. पुरावा दिसला की त्याला पटेल. पटलं की येईल.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी गिझरवाल्याला बोलवा.

५ जून
पद्धत वाचून काढली. प्रयोगशाळेत राग असा मोजतात: सिनेमा दाखवायचा, मग दुसऱ्याच्या खाण्यात हवं तेवढं तिखट घालायला सांगायचं. जितका राग तितकं तिखट. गट अ सिनेमा पाहील. गट ब माझ्याकडून कविता ऐकेल. गटात दहा-दहा जण.

गिझर उद्या.

९ जून
दहा-दहा मिळाले नाहीत. एकूण चार. तळमजल्यावरचा शिंपी, निवृत्त कंपाउंडर, विमा एजंट आणि ही. चिठ्ठ्या टाकल्या. कवितेच्या गटात ही आणि शिंपी. ही म्हणाली, पुन्हा टाका. शास्त्रात असं चालत नाही.

तिखट घातलेलं खायला कोणी तयार नाही. तो मान माझ्याकडे.

१२ जून, दुपारी ४
गट अ. सिनेमात सतरा माणसं मेली. कंपाउंडर आठव्याला झोपला. एजंट प्रत्येक मढ्याकडे बघून हळहळत होता, याची पॉलिसी असती तर. मग टोमॅटो सूपच्या वाट्या समोर ठेवल्या. हे मी पिणार आहे, घाला तिखट, असं सांगितलं. दोघांनी चिमूट-चिमूट घातलं. कंपाउंडरने वर विचारलं, मास्तर, तुमच्या पित्ताचं काय.

राग आत दबला आहे, उघड आहे.

१३ जून, दुपारी ४
गट ब. नऊ कडव्यांची कविता. नुसती ऐकून मुरत नाही, म्हणून पाठ म्हणायला लावली. चुकलं की पहिल्यापासून. तालाला पट्टी. शिंपी तिसऱ्या कडव्यात सहा वेळा अडकला. सातव्या वेळी पट्टी टेबलाच्या जरा पलीकडे पडली. त्याचा हात तिथे कशाला होता, कळत नाही.

त्याने बोटं चोळली आणि सुपात चार चमचे तिखट घातलं. हिने डबाच उपडा केला. म्हणाली, प्या आता.

प्यायलो. शास्त्रासाठी.

१४ जून
पोट. नोंद नाही.

१५ जून
निकालाचा फेरविचार. चमचा मोठा होता. शिंपी मुळात तापट असावा, वीस वर्षांत दिसलं नाही इतकंच. हिने परवा एक मालिका पाहिली होती, म्हणजे नमुना दूषित. हिला तसं सांगितलं.

ती भांडी पुसत होती. पाठमोरीच म्हणाली की शेजाऱ्यांकडे टीव्ही आला तेव्हा पोरगा नववीत होता. हातावरच्या वळांना ती तेल लावायची, ते सातवीत. दर शनिवारी. शनिवारीच का, मी विचारलं. तुमचा पाठांतराचा तास असायचा, म्हणाली, आणि डबा फडताळात ठेवला.

मला विशेष काही वाटलं नाही. टीव्हीची तारीख तपासणे.

१८ जून, सकाळी ११
निबंध पुरा. चौदा पानं. सिद्ध झालं असं धरलं आहे. तारीख तपासायची राहिली. पाकीट घेऊन पोस्टात निघालो, चपला घालत होतो, बेल वाजली. गिझरवाला असणार, तेवढाच यायचा होता.

दारात मुलगा. केस पिकलेत. म्हणाला, आईचा फोन आला होता, पोट कसंय. माझा चष्मा घसरला होता. तो सावरायला मी हात वर केला.

त्याने डोळे मिटले आणि तोंड बाजूला फिरवलं. सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

हात तसाच वर राहिला. पाकीट दुसऱ्या हातात.

येताना बसमध्ये कुठला सिनेमा लावला होता, ते त्याला विचारायला हवं.