ताका नंबराने शोधायचा

आबा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि काल तुमचं एक बोलणं मला पुन्हा ऐकू आलं. दहावी अर्धवट सोडून मी तुमच्यासोबत कडोदऱ्याच्या कारखान्यात फोल्डिंगला, कापडाच्या घड्या घालायला, लागलो, तो पहिला आठवडा. माझ्या हातात यादी आहे, समोर कापडाच्या ताक्यांची थप्पी. यादीतला तिसरा नंबर थप्पीत तिसरा नाही, म्हणून मी सगळ्यांदेखत थप्पी लावणाऱ्या काकांना म्हणतो, ताका गायब आहे. ते हात पुसत राहतात. तुम्ही अख्खी थप्पी उतरवलीत. ताका तळाशी होता. "नंबर देख, जागा नको देखू," एवढंच म्हणालात आणि मला त्यांच्या पाया पडायला लावलंत.

आता मी कॉम्प्युटरचा क्लास करून कतारगामला एका कापडवाल्या शेठच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो. ताक्यांच्या साठ्याचा प्रोग्राम आम्ही दोघे लिहायचो, मी आणि वयाने मोठे एक गुजराती भाई. त्यात प्रत्येक नंबरासमोर त्याचे मीटर ठेवतात, त्याला डिक्शनरी म्हणतात. नंबर सांगितला की ती मीटर देते. पण सगळं छापायला सांगितलं तर नंबरवारच छापेल याचा भरवसा नाही. प्रोग्राम बरोबर चालतो का, हे आपोआप तपासणारी टेस्ट माझी होती. तीत मी छापून आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ओळीला ओळ लावून ताडत होतो. महिनाभर जुळलं. मग भाईंनी नोंदी भरायची पद्धत बदलली आणि टेस्ट नापास झाली.

"भाऊ, माल एज छे, खाली जागा फरी. नीट बघ ना," ते म्हणाले. माल तोच, फक्त जागा बदलली, असं त्यांचं म्हणणं. मी बघितलं नाही. नापास टेस्टचा कागद शेठना दाखवला. "कॉम्प्युटर खोटुं बोले?" शेठ म्हणाले. ते भाईंवर आधीच नाराज होते. शनिवारी भाई आपला डबा घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत.

काल टेस्ट पुन्हा नापास झाली, या वेळी माझ्याच बदलाने. तेव्हा कुठे मी दोन्ही बाजू नंबरवार लावून ताडल्या. सगळे मीटर बरोबर. मग भाईंचं काम काढून तसंच ताडलं. तेही बरोबर होतं. दुरुस्ती दोन ओळींची. शेठना सांगितलं, टेस्ट सुधारली. चुकली होती, असं म्हणालो नाही.

तुम्ही असता तर मला चलथाणला भाईंच्या दारात नेऊन उभं केलं असतंत. खरं तर हे पत्र त्यांनाच लिहायला बसलो होतो. पाकिटावर पत्ता त्यांचाच आहे, दोनदा तपासलेला. आत मात्र पहिला शब्द ‘आबा’ लिहिला, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.