मधली काठी

बाबा, काल मुलुंडचं घर रिकामं करताना तुमच्या हिमनदीच्या वह्या सापडल्या. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आई आता माझ्याकडे असते, कांदिवलीला. शेजारचे काका तुम्हाला विचारायचे ते आठवलं, "काय प्रोफेसर, बर्फ मोजायचा पगार देतात?" तुम्ही म्हणायचात, "बर्फ नाही हो, तो किती चालतो ते मोजतो." हिमनदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत बांबूच्या काठ्या एका रांगेत रोवायच्या आणि पुढच्या उन्हाळ्यात कुठली किती पुढे सरकली ते बघायचं. मला समजावं म्हणून एका पाडव्याला तुम्ही अरुंद ट्रेमध्ये श्रीखंड ओतता, त्यावर चारोळ्यांची सरळ रांग लावता आणि ट्रे तिरका धरता. मधल्या चारोळ्या पुढे जातात, कडेच्या मागे राहतात. "अहो, सणाचं आहे ते!" आई ओरडते. "थांब गं, नदी चाललीय," तुम्ही म्हणता.

वहीतले आकडे स्वच्छ उतरवून द्यायचं काम माझं. नववीत असताना मला दिसलं, की अगदी मधली काठी शेजारच्या काठ्यांपेक्षा मागे राहिली आहे. श्रीखंडात असं झालं नव्हतं. थंडीत तुमचं लिहिताना चुकलं असेल असं ठरवून मी शोभेलसा आकडा घातला. आलेख बघून तुम्ही "झकास!" म्हणालात. तो शोधपत्रिकेत छापूनही आला.

काही महिन्यांनी तुम्ही मूळ वही पुन्हा तपासलीत. जेवणाच्या टेबलावर बसून संपादकांना चूक कळवणारं पत्र लिहीत होतात. आईनं विचारलं, "कुणाची चूक?" "माझीच. थंडीत हात आखडतो." माझ्याकडे न बघता तुम्ही आमटी मागितलीत. समोरच्या आकड्यांच्या कागदावर अक्षर माझं होतं. पुढच्या वर्षी वही पुन्हा माझ्याच हातात दिलीत. "विचित्र वाटलं तरी तसंच उतरव हं," एवढंच म्हणालात. त्या काठीखाली बर्फाच्या तळाशी खडकाचा उंचवटा होता. तो शोधण्यात तुमची पुढची कित्येक वर्षं गेली आणि लोक तुम्हाला ओळखू लागले ते त्याच कामामुळे.

तुमच्या शोकसभेत एक विद्यार्थी म्हणाला, "सरांनी स्वतःची चूक स्वतः जाहीर केली." मी पहिल्या रांगेत होते. हे लिहिलेलं आईलाही दाखवणार नाही. त्या दिवशी तुम्ही "माझीच" म्हणालात, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, बाबा. सुटले असं वाटलं, आणि मी आणखी भात वाढून घेतला.