एक लांब, दोन छोट्या

सोमवार, १२ नोव्हेंबर १९७९
नाशिक रोडला रुजू झालो. शाळेचं मैदान झकास, घर त्याहून झकास. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या कडेला सरपणाची खोली. ड्रिल मास्तरला आणखी काय लागतं? मैना आणि आमची चार महिन्यांची छकुली सिन्नरला माहेरी आहेत. पंचवीस तारखेच्या रविवारी येतील. पाळण्यासाठी आढ्याला कडीसुद्धा आहे.

मालकीण भागुबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. त्यांची अट एकच : सहा मांजरांना सकाळ-संध्याकाळ सात वाजता जेवू घालायचं. भांडी घासायला येणाऱ्या गोजराबाईने रीत समजावली. मांजरं सहा, पण ताटल्या सात! पहिली भरून सरपणाच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि पाठ फिरवायची. मग मांजरांच्या सहा. हाक मुळीच मारायची नाही. का, तर म्हणाली, "हाक दिली की ते हाक शिकतं, मास्तर." या मांजरांना मी आठवड्यात कवायत शिकवीन, म्हटलं. बाई हसलीसुद्धा नाही. अडाण्यांना विनोद कळत नाही.

मंगळवार, १३ नोव्हेंबर
हे जेवण म्हणजे निव्वळ बेशिस्त. एक लठ्ठ बोका दुसऱ्याच्या ताटलीत, एक मांजरी चुलीवर. भागुबाईंनी लाडावून ठेवलेली ऐदी जनावरं. आजपासून शिट्टी. एक लांब म्हणजे ओळीत या. दोन छोट्या म्हणजे खा. मध्ये तोंड घालणाऱ्याची ताटली उचलली जाईल.

गुरुवार, १५ नोव्हेंबर
पाचवी ब पेक्षा मांजरं हुशार निघाली. लांब शिट्टीला सहाही ओळीत बसतात. पहिली जागा मात्र रिकामी सोडतात. उंबऱ्यावरची ताटली रोज लख्ख चाटलेली मिळते. कुणी उपरा बोका फुकट जेवतोय, झालं.

शनिवार, १७ नोव्हेंबर
उंबऱ्यावरची ताटली बंद केली. गोजराबाई भांडी टाकून उठली. म्हणाली, इतके दिवस दिलं आणि शिकवलं, आता उपाशी ठेवताय. मी विचारलं, कुणाला? तिने पदर खोचला आणि मागच्या दाराने गेली. बरं झालं. भांडी ती तशीही ओशटच ठेवायची. मैनेला पत्र टाकलं : घर तयार आहे, मांजरंसुद्धा सरळ केली आहेत.

मंगळवार, २० नोव्हेंबर
सकाळी ओळीत पाचच. लठ्ठ बोका नाही. शिस्त न झेपणारे असेच पळतात.

बुधवार, २१ नोव्हेंबर
चार. लांब शिट्टी दिली तेव्हा सरपणाच्या खोलीतून रिकामी ताटली सरकत बाहेर आली. उंबऱ्यावर थांबली. मी आत डोकावलो. लाकडं, गोवऱ्या. बाकी काही नाही. घूस असेल.

गुरुवार, २२ नोव्हेंबर
दोन. ताटली पुन्हा भरून ठेवली. भीतीने नव्हे, खात्री करायला म्हणून. दूध, पोळी, वर बोंबील. संध्याकाळपर्यंत तसंच. मुंगीसुद्धा लागली नाही.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर
शिट्टी सापडत नाही. गळ्यातली दोरी आहे. शिट्टी नाही.
मैनेला तार केली, येऊ नकोस. सासऱ्यांची उलट तार आली : ती कालच हरसूलला मावशीकडे गेली, तिथून परस्पर येईल. बावळट माणसं. मुलीला एका जागी बसवता येत नाही.

शनिवार, २४ नोव्हेंबर
सात वाजता सरपणाच्या खोलीतून शिट्टी वाजली. एक लांब.
मी चहा पीत होतो. भानावर आलो तेव्हा अंगणात उभा होतो, ओळीत, शेवटच्या मांजरीच्या मागे. माझ्यापुढे ती सावधान बसलेली. दोन छोट्या. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मांजरी नव्हती.
उद्या सहालाच निघायचं. एस.टी. स्टँडवर उभं राहून मैनेला तिथूनच परत न्यायचं. मास्तर घाबरला, असं गोजराबाई म्हणेल. म्हणू दे.

रविवार, २५ नोव्हेंबर
पावणेसहालाच वाजली. वेळापत्रक आता माझं नाही—
वही काखेत होती, निघायच्या तयारीत होतो. पाय ओळीतून हलत नाहीत. हात तेवढे चालतात.

दहा वाजले. अजून दोन छोट्या नाहीत. कशाची वाट—

दारात टांगा. मैनेचा आवाज. ओरडतो आहे, आत येऊ नकोस. तोंडातून आवाज नाही—

ती हसते आहे. म्हणते, काय हो, सुट्टीच्या दिवशीही कवायत? अंगणात आली. छकुलीला माझ्यासमोर धरलं. बघ, बाबा कसे सावधान—

लांब वाजली. मैनेचं हसू थांबलं. ती माझ्या पुढे येऊन उभी राहिली. सरळ. सगळ्यांच्या पुढे छकुली, तिच्या हातांवर—
ताटली सरकत आली. रिकामी. मैना वाकते आहे. छकुलीला त्यात—

गोजराबाई, भागुबाई, कुणीतरी—

एक छोटी वाजली. आता दुस