आईच्या चौकटीत भावाचं नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, एका दैनिकाच्या जाहिरात विभागातून निवृत्त झालेली. डोकं ठिकाणावर आणि हात स्थिर असताना, कोणीही भरीस न घालता, माझ्या पश्चात काय कुणाकडे जावं ते लिहून ठेवत आहे. यापूर्वी असं काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं.

१. माझं उतरतं टेबल, पोलादी पट्टी आणि भिंग आमच्या जुळाऱ्याला द्यावं. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्याची हयात गेली. "या ओळीला जरा श्वास घेऊ दे," असं मी म्हणायची आणि तो नेमकी तेवढीच जागा सोडायचा.

२. जाहिरातींतून मी काढलेल्या उद्गारचिन्हांचे शिशाचे खिळे एका डब्यात साठले आहेत. ते आमच्या माजी विभागप्रमुखांना द्यावेत. त्यांना सगळंच ठळक हवं असायचं, म्हणून आम्ही त्यांना ठळकराव म्हणत असू. माझा राग गेलेला नाही. डबा मात्र नीट पुसून द्यावा.

३. गादीवाल्याच्या जाहिरातीचं कात्रण त्याच्या मुलीला द्यावं. तो आला तेव्हा कागदावर सतरा प्रकारच्या गाद्या आणि चारदा 'त्वरा करा' होतं. मी सगळं काढलं. पाव पान कोरं ठेवलं, खाली कोपऱ्यात कुशीवर झोपलेली बाई आणि एकच ओळ: 'पान हळू उलटा.'

"बाई, अहो, माझं दुकान कुठंय यात?"

"तिच्या पायाशी. बारीक अक्षरात."

त्यानं कागद जवळ ओढून घेतला. मग हळूच म्हणाला, "मलाच झोप यायला लागली." जाहिरात तशीच छापली गेली. महिनाभर दुकानात येणारी माणसं म्हणे दबक्या आवाजात बोलत होती. त्या कोऱ्या जागेत मी पुढे कितीतरी दुपारी मनानेच फिरून आले. तिथं दुधासारखा उजेड असायचा आणि पावलांचा आवाज होत नसे.

४. बँकेतली शिल्लक वाचनालयाला द्यावी. अट एकच, भिंतींवरच्या सूचना कमी कराव्यात.

५. राहतं घर माझ्या धाकट्या भावाला. याचं कारण लिहिणं भाग आहे. आई गेली तेव्हा निधनाची जाहिरात त्यानं लिहिली होती. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, आणि खाली शोकाकुल मंडळींची लांबलचक यादी. मी सवयीनं पेन्सिल घेतली. उरलं एवढंच: 'आई गेली. जिना चढताना ती गुणगुणायची.' चौकट सुरेख दिसत होती. नऊ वर्षं आईला उचलून बसवणाऱ्या माणसाचं नाव मी जागेसाठी काढलं होतं, हे मला छापून आल्यावर, सकाळी त्याचा फोन आला तेव्हा कळलं.

"ताई, तू मलाच कापलंस."

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. गेल्या आठवड्यात या मृत्युपत्राचा मसुदा मी त्याला पाठवला. काल तो स्वतः आला, केस पांढरे झालेले, दारातच उभा.

"घर नको मला."

"मग काय देऊ?"

"आईची तीच ओळ पुन्हा छाप. खाली माझं नाव टाक."

"केवढ्या अक्षरात?"

"ते तुला कळतं," तो म्हणाला आणि चप्पल काढून आत आला.

घराचं कलम मी तरीही तसंच ठेवलं आहे.

६. येत्या रविवारी ती चौकट छापून येईल. मुद्रित मी तपासलं आहे. आयुष्यभर शब्द काढून जाहिराती सुधारल्या, ही एक शब्द घालून सुधारली. तोवर मी नसले तरी ती थांबवू नये, आणि माझ्या निधनाची जाहिरात भावानं लिहावी, हवी तेवढी लांब. त्यात कोणीही काटछाट करू नये.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: (थोरली बहीण)

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर
साक्षीदार २: निवृत्त पोस्टमन, शेजारी

स्थळ: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: चौदा, गुरुवार, दुपारी चार

टीप: घर ज्याला मिळायचं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. म्हणून भावाची सही नाही. तो आत चहा टाकतो आहे, आणि गुणगुणतो आहे.