कुलपाच्या घराला खांब नको

११ फेब्रुवारी २०२४
सोलरवाला भाग्येश आज पाड्यात आला. धुळ्याचा पोरगा, बूट नवे कोरे. घरोघर एकच प्रश्न — पाच वर्षांत काय काय चालवाल? मग उत्तर पण स्वतःच देतो — दिवा, मोबाईल, दोनचार टीव्ही. तेवढंच सोलर बसवणार म्हणे!
मी म्हटलं, गिरणी धर. नाहीतर दळण डोक्यावर घेऊन मोलगीला तू जातोस का?
'मावशी, अंदाजात बसत नाही.'
धाकटा दीर फत्तेसिंग दुकानातून ओरडला — 'भाबी, गिरणीत काय वारा दळशील?' सगळे हसले. हसा!
पोराच्या, करणसिंगच्या घरापाशी भाग्येश थांबला. इथं खांब? म्हटलं, नको. पोरगा-सून गुजरातेत ऊस तोडतात. चौथं वर्ष. पावसाळ्यात पण तिकडंच मजुरी. होळीला येतात, होळी झाली की जातात. कुलपाला कशाला उजेड?

१२ फेब्रुवारी
भाग्येशच्या जीपपुढे जाऊन बसले. उठलेच नाही. त्याच्या साहेबाला फोन झाला. गिरणी धरली!

२७ मार्च
होळी झाली. पोरगा-सून गेले. सांगितलंच होतं मी.

२० जून
सोलर सुरू. पहिलं दळण माझं. पीठ हाताला गरम लागलं. परत परत हात घालत बसले.

३० ऑक्टोबर
गिरणी दिवसभर चालू. खालच्या पाड्याच्या बाया पण येतात. आणि फत्तेसिंगनं दुकानात फ्रीज आणला! थंडा विकतो.
'काय रे, वारा थंड करतोस?'
'घे ना भाबी, एक बाटली घे, गप्प बस.'
प्यायले. गप्प नाही बसले.

९ जानेवारी २०२५
आठ दिवस झाले, संध्याकाळी दिवे मंद. बॅटरी पुरत नाही. भाग्येश आला, डोक्याला हात लावला. 'पाच वर्षांचं सहा महिन्यांत खाल्लं, मावशी! आमच्या ऑफिसात दर वेळी असंच. अंदाज खाली, लोक वर.'
मग वाढव की! दुप्पट आणतो म्हणाला. मी म्हटलं, तिप्पट. हो म्हणूनच गेला. जिंकले!
खरं तर माझा अंदाज पण कमीच पडला. ते त्याला कशाला सांगू?

१५ मार्च
होळी झाली. सून रिना दोन दिवस गिरणीवरच. पट्टा बदलायला पण शिकली. बाया आता तिलाच हाका मारतात.
असू दे. उद्या मुकादमाचा ट्रक येणार. दोघांच्या भाकरी बांधून ठेवल्या.

१६ मार्च
ट्रक आला. हॉर्न वाजवत राहिला. गेला.
करणसिंग दारातच उभा! 'याहा,' — आईला तो याहाच म्हणतो — 'सगळ्या पाड्यात खांब. माझ्याच घरापुढे का नाही?'
माझ्या घरातून वायर ओढली. बटण रिनानं दाबलं.